परदेशातला घटस्फोट भारतीय कोर्टाकडून मान्य करून घेताना: परदेशातल्या फाइलपासून निकालाच्या नकलेपर्यंत

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये घटस्फोट होतो, निकालाच्या नकलेवर अपोस्टिलचा (सही-शिक्का खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा) शिक्का बसतो, आणि पुण्याला आल्यावर चौकशी सुरू होते: ‘हे इथे रजिस्टर कुठे करायचे?’ तशी खिडकी भारतात कुठल्याही कार्यालयात नाही. परदेशी हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १३ च्या कसोट्यांना उतरला तर तो इथे बंधनकारक असतो. उतरला नाही, तर कितीही शिक्के मारले तरी इथे त्याची किंमत शून्य. आपला हुकूमनामा या दोहोंपैकी कुठला, एवढे जाहीर करून घ्यायला कोर्टात जायचे असते.

हे टाळून चालत नाही. हुकूमनामा इथे अग्राह्य ठरला तर भारतीय कायद्याच्या नजरेत लग्न टिकून आहे. मग दुसरे लग्न भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा ठरू शकते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे जुना जोडीदार वारसही राहतो, म्हणजे उद्या कोथरूडच्या फ्लॅटवर हक्क सांगू शकतो.

बहुतेकांचे काम बिघडते ते क्रम उलटा लावल्यामुळे. आधी शिक्के, मग वकील, मग दावा, आणि उलटतपासात विचारल्यावर कळते की समन्स बजावल्याचा पुरावाच आणलेला नाही. भारतीय न्यायाधीश निकालाची दोन पाने वाचून थांबत नाहीत. तो निकाल कसा मिळवला हे ते पाहतात, आणि ते फक्त परदेशातल्या कोर्टाच्या पूर्ण फाइलीतून दिसते.

पुढचे टप्पे हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली महाराष्ट्रात झालेले लग्न धरून लिहिले आहेत. विशेष विवाह कायदा, १९५४ खालच्या लग्नालाही बराचसा भाग लागू पडतो. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम विवाहांना दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ तेच, पण घटस्फोटाची कारणे वेगळ्या कायद्यांतून येतात. गोव्यात नोंदलेल्या लग्नाचा कायदाही वेगळा आणि वाटही वेगळी. तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयाचे काम जाणणाऱ्या गोव्यातल्या वकिलाकडेच जा.

## टप्पा १: खर्च करण्याआधी हुकूमनाम्याची परीक्षा घ्या

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये सहा अपवाद आहेत: निकाल देणाऱ्या कोर्टाला अधिकार नव्हता; निकाल गुणदोषांवर नव्हता; आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा लागू असलेला भारतीय कायदा मानला नाही; नैसर्गिक न्याय पाळला नाही; निकाल फसवणुकीने मिळवला; किंवा भारतीय कायद्याचा भंग करणारी मागणी मान्य केली. यातला एकही लागू झाला तर हुकूमनामा इथे पडतो.

घटस्फोटाच्या बाबतीत हे अपवाद कसे वाचायचे ते सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकटलक्ष्मी या निकालात सांगितले. लग्न तिरुपतीला झालेले, घटस्फोट पतीने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात घेतलेला, कारण ‘संसार सुधारण्यापलीकडे मोडला’. पत्नीने इथून हरकत नोंदवत उत्तर पाठवले होते, ती तिकडे हजर राहिली नव्हती. पतीने पुन्हा लग्न केले आणि द्विभार्या विवाहाची फिर्याद झाली. घटस्फोट अग्राह्य ठरला आणि ती फिर्याद पुढे चालवण्याचा आदेश झाला.

नियम असा: ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्याच कायद्याने अधिकार असलेल्या कोर्टाने, त्याच कायद्यातल्या कारणावर दिलेला घटस्फोट ग्राह्य. याला तीन सवलती आहेत. आपले प्रकरण नेमके कुठल्या सवलतीत बसते ते कागदावर लिहून काढा.

पहिली: सामनेवाला पक्ष (ज्याच्याविरुद्ध घटस्फोट मागितला तो) त्या देशाचा अधिवासी (तेच कायमचे घर मानून वसलेला) आहे किंवा तिथे कायमचा राहतो, आणि घटस्फोटाचे कारण आपल्या विवाह कायद्यात आहे.

दुसरी: सामनेवाला पक्ष स्वखुशीने आणि खऱ्या अर्थाने त्या कोर्टासमोर आला, त्याने दावा लढवला, आणि कारण आपल्या विवाह कायद्यात आहे.

तिसरी: सामनेवाल्या पक्षाने घटस्फोटालाच संमती दिली.

सर्वाधिक गफलत दुसऱ्या सवलतीत होते. ‘ती वकील घेऊन हजर होती, सहा तारखा लढली, मग काय अडचण?’ अडचण कारणाची आहे. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत दोष न दाखवता घटस्फोट मिळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून विवाह मोडल्याचे निवेदन पुरते. दुबईत बिगर-मुस्लिमांसाठी आलेल्या नव्या नागरी कायद्यातही तसेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मात्र ‘संसार मोडला’ हे कारण नाही. क्रूरता, परित्याग, व्यभिचार अशी ठरावीक कारणे आहेत. लढून मिळालेला पण फक्त या कारणावरचा हुकूमनामा म्हणूनच कच्चा असतो.

सावधान: सर्वोच्च न्यायालयाने १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश प्रकरणात संसार पूर्ण मोडल्याच्या कारणावर घटस्फोट देता येतो असे म्हटले, ते घटनेच्या अनुच्छेद १४२ खालच्या स्वतःच्या अधिकाराबद्दल. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. हा निकाल दाखवून परदेशी हुकूमनामा टिकत नाही.

‘आम्ही दोघेही तिकडेच राहतो, भारताचा संबंध काय?’ हाही नेहमीचा युक्तिवाद. राहणे आणि अधिवास या वेगळ्या गोष्टी आहेत. सोंदूर गोपाल प्रकरणात (२०१३) पती परदेशी नागरिक होता, कुटुंब सिडनीला राहिलेले होते; तरी तिथेच कायम राहण्याचा इरादा सिद्ध झाला नाही, म्हणून पत्नीचा मुंबईतला अर्ज टिकला. कामाचा व्हिसा अधिवास सिद्ध करायला पुरत नाही. दोघांनी नागरिकत्व घेतले, घर घेतले, इथले व्यवहार आवरले असतील तर मुद्दा मांडता येतो. त्याचे पुरावे टप्पा ४ मध्ये गोळा करा.

तपासा:
— निकालात घटस्फोटाचे कारण नेमक्या कोणत्या शब्दांत दिले आहे?
— समोरच्याची संमती लेखी, सहीनिशी आहे का?
— निकाल एकतर्फी असेल तर समन्स कसे बजावले, आणि तिकडे जाऊन लढणे सामनेवाल्याला खरोखर शक्य होते का?
— निवासाची अट पुरी करण्यासाठी तात्पुरता पत्ता दाखवला होता का? सत्या विरुद्ध तेजा सिंग (१९७४) मध्ये नेवाडा राज्यातला घटस्फोट नेमका यावर, फसवणूक म्हणून, पडला.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर मान्यतेचा दावा करू नका. थेट ‘हुकूमनामा टिकणारा नसेल तर’ या भागाकडे जा.

## टप्पा २: परदेशातून पूर्ण फाइल मागवा

नुसता अंतिम निकाल पुरत नाही. तिथल्या कोर्टाच्या कार्यालयातून पुढील कागदांच्या प्रमाणित नकला मागवा: मूळ अर्ज, समन्स आणि ते बजावल्याचा पुरावा, सामनेवाल्याचे उत्तर किंवा हजेरी, संमतीचा किंवा तडजोडीचा करारनामा, साक्ष नोंदली असेल तर तिची प्रत, निकाल, आणि निकाल अंतिम झाल्याचा दाखला.

‘अंतिम’ या शब्दापाशी थांबा. इंग्लंडमध्ये आधी सशर्त आदेश मिळतो, मग अंतिम आदेश (२०२२ पूर्वीच्या प्रकरणांत डिक्री नायसाय आणि डिक्री ॲब्सोल्यूट). पहिला कागद घेऊन येणारे बरेच असतात. त्याने लग्न संपत नाही. ऑस्ट्रेलियात घटस्फोटाचा आदेश साधारणपणे एक महिना आणि एक दिवसाने अमलात येतो. कॅलिफोर्नियात निकालावर सहीची तारीख वेगळी आणि वैवाहिक दर्जा संपल्याची तारीख वेगळी छापलेली असते. इथल्या दाव्यात दुसरी तारीख घालायची.

समन्स भारतात बजावले गेले असेल तर ते कसे, हे नीट पाहा. परदेशी समन्स भारतात बजावण्यासाठी हेग सेवा करार आहे. त्यात भारताचे विधी मंत्रालय मध्यवर्ती प्राधिकरण आहे, आणि टपालाने थेट बजावणी करण्यास भारताने हरकत नोंदवलेली आहे. म्हणजे सासरच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवलेल्या पाकिटाच्या जोरावर मिळालेला एकतर्फी निकाल इथे पहिल्याच धडकेत अडचणीत येतो.

सावधान: तिकडच्या वकिलाने ई-मेलवर पाठवलेली पीडीएफ ही प्रमाणित नकल नव्हे. कोर्टाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रतही नव्हे. नरसिंह राव प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी मिसुरीच्या निकालाची झेरॉक्स पाहून पतीला मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती झेरॉक्स पुरावा म्हणून चालत नाही असे स्पष्ट सांगितले.

## टप्पा ३: नकला भारतात चालतील अशा करून घ्या

क्रम असा: आधी कोर्टाची प्रमाणित नकल, मग त्या देशाचे अपोस्टिल, मग भाषांतर.

भारत अपोस्टिल करारात २००५ पासून आहे. अमेरिकेत राज्याच्या कोर्टाचा कागद असेल तर अपोस्टिल सहसा त्या राज्याचे सचिव कार्यालय देते. वॉशिंग्टनला पाठवलेला कागद परत येतो आणि महिना वाया जातो. काही राज्यांत त्याआधी काउंटी क्लर्कचा दाखला लागतो. ब्रिटनमध्ये हे काम परराष्ट्र खात्याचे लीगलायझेशन ऑफिस करते. कॅनडा या करारात ११ जानेवारी २०२४ पासून आला. संयुक्त अरब अमिराती करारात नाही; तिथल्या कागदावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो.

अपोस्टिल एवढेच सांगते की सही आणि शिक्का खरा आहे. निकाल बरोबर आहे किंवा भारतात लागू आहे, असे ते सांगत नाही. आणखी एक बारकावा: परदेशी न्यायालयीन कागद खरा मानण्याचे भारतीय साक्ष्य अधिनियमातले गृहीतक भारत सरकारच्या त्या देशातल्या प्रतिनिधीच्या प्रमाणपत्राची भाषा बोलते. समोरचा पक्ष सहमत असेल तर अपोस्टिलवर सहसा भागते. तो भांडणार असेल तर वकिलातीकडूनही प्रमाणपत्र मिळवण्याचा प्रयत्न करा. तेव्हाची एक फेरी नंतरच्या चार तारखा वाचवते.

निकाल अरबी, जर्मन किंवा अन्य भाषेत असेल तर अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर घ्या, आणि भाषांतरकाराचे शपथपत्र जोडा.

प्रत्येक नकलेचे दोन संच करा. एक कोर्टात जाईल. तो परत मिळायला वेळ लागतो.

## टप्पा ४: इकडची कागदपत्रे

विवाह नोंदणीचा दाखला हातात घेऊन त्यावर कायद्याचे नाव वाचा. आपल्याकडे ‘रजिस्टर लग्न’ हा शब्द दोन्हीसाठी वापरतात: विधिवत लग्न लावून नंतर महापालिकेत केलेली नोंद, आणि विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर झालेले लग्न. पूर्ण दावा कुठल्या कायद्यावर उभा राहणार ते या एका ओळीवर ठरते. चुकीचा कायदा लिहून दाखल केलेला दावा दुरुस्तीसाठी महिनोन् महिने अडकतो.

नोंदणी झालीच नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, भटजींचे आणि हजर नातेवाइकांचे शपथपत्र, जुन्या पासपोर्टवरचे जोडीदाराचे नाव यांवर काम भागवावे लागते.

नावांचा घोळ इथे हटकून होतो. आपल्या पद्धतीत लग्नाआधी मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पतीचे. तिकडच्या कागदांत मधले नाव गळालेले किंवा आडनावात मिसळलेले. विवाह दाखला, दोन्ही पासपोर्ट आणि परदेशी निकाल समोर ठेवून नावांची सगळी रूपे लिहा, आणि ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असे शपथपत्र तयार ठेवा. दाव्याच्या शीर्षकातही ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावे घाला.

शिवाय: शेवटचे एकत्र वास्तव्य दाखवणारा कागद, दोघांचे सध्याचे पत्ते, अधिवासाचा मुद्दा घेणार असाल तर नागरिकत्व, घर आणि कर भरल्याचे पुरावे. समोरच्याने निकालानंतर ठरलेली रक्कम स्वीकारली, स्वतःला घटस्फोटित म्हणून कुठे लिहिले, किंवा स्वतः पुन्हा लग्न केले, तर तेही कागद जोडा. संमती खरी होती हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो. ई-मेल आणि व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींबरोबर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यात आता तज्ज्ञाने भरायचा भागही आहे.

## टप्पा ५: कोर्ट आणि दाव्याचा प्रकार

अर्ज जातो तो वैवाहिक दर्जा जाहीर करून मिळावा म्हणून. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ प्रमाणे असा दावा कौटुंबिक न्यायालयाकडेच चालतो: मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला, तसेच नागपूर, नाशिक इत्यादी ठिकाणी. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. ठिकाण निवडताना लग्न कुठे लागले, शेवटचे एकत्र कुठे राहिलात आणि समोरची व्यक्ती कुठे राहते, हे तीन धागे पाहतात.

सोबत विशेष साहाय्य कायदा, १९६३ चे कलम ३४ येते. त्यातली एक अट विसरू नका: घोषणेबरोबर (दर्जा जाहीर करून मागण्याबरोबर) आणखी काही मागता येण्यासारखे असूनही मागितले नाही, तर कोर्ट घोषणा देत नाही. मनाई हुकूम किंवा कागदपत्रे परत मिळणे, जे हवे ते याच दाव्यात मागा.

सावधान: ‘ब्रिटन, सिंगापूर, अमिराती हे परस्पर-मान्यता असलेले देश आहेत, म्हणून कलम ४४अ खाली थेट अंमलबजावणी अर्ज करू’ हा सल्ला घटस्फोटासाठी चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे हे कलम पैशाच्या हुकूमनाम्यांसाठी आहे. त्याच निकालात रक्कम देण्याचा आदेश असेल तर तेवढ्या भागाचा विचार तिथे होतो. अमेरिका तर त्या यादीतही नाही. तिथल्या पैशाच्या निकालावर इथे नवा दावा करावा लागतो, आणि त्याची मुदत निकालापासून तीन वर्षे आहे.

घोषणेच्या दाव्यालाही तीन वर्षांची मुदत लागू होते. ती कधीपासून मोजायची यावर वाद घातला जातो. परदेशी निकाल अंतिम झाल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल केला तर हा वाद उरतच नाही.

## टप्पा ६: अर्जाचा मसुदा

वकिलाला कागद देऊन मोकळे होऊ नका. मसुदा वाचा, आणि त्यात या गोष्टी या क्रमाने आहेत का पाहा: लग्न कधी, कुठे, कुठल्या कायद्याखाली, दोघे परदेशी कधी गेले, परदेशी कोर्टाचे नाव, प्रकरण क्रमांक, तारखा, समन्स आणि हजेरी, संमती असेल तर ती कुठल्या कागदात, कलम १३ चा एकही अपवाद का लागू होत नाही, प्रत्येकाचा स्वतंत्र परिच्छेद, आणि इथे दावा करण्याची गरज कशामुळे पडली.

मागण्या साधारण अशा असतात:

१. अमुक कोर्टाचा, अमुक तारखेचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ प्रमाणे निर्णायक असून उभय पक्षांवर बंधनकारक आहे असे जाहीर व्हावे.

२. अमुक तारखेला अमुक ठिकाणी झालेला विवाह अमुक तारखेपासून संपुष्टात आला असून अर्जदाराचा वैवाहिक दर्जा त्याप्रमाणे आहे असे जाहीर व्हावे.

३. हे मान्य न झाल्यास पर्यायाने हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मिळावा.

तिसरी मागणी घालायची की त्यासाठी वेगळा अर्ज करायचा हे वकिलाशी बोलून ठरवा. माझ्या मते, हुकूमनाम्यात थोडीही शंका असेल तर पर्याय हाताशी असावा. दोन वर्षे दावा चालून ‘हुकूमनामा अग्राह्य’ असा निकाल आला, की माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

मुलांचा ताबा आणि भारतातली स्थावर मालमत्ता या दाव्यात कोंबू नका. ताब्याच्या परदेशी आदेशाने इथले कोर्ट बांधले जात नाही, मुलाचे हित पाहून ते स्वतंत्र ठरवते. इथल्या जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या मालकीचा प्रश्नही इथल्या कोर्टातूनच सोडवावा लागतो.

## टप्पा ७: तुम्ही परदेशात असाल तर

कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीसमोर सही करून द्या, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल घ्या. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे असते. ते पाकीट आईबाबांच्या कपाटात राहते आणि मुदत टळते, म्हणून आल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवायला सांगा.

मुखत्यार दावा दाखल करू शकतो, तारखांना हजर राहू शकतो. पण जे तुम्हालाच ठाऊक आहे त्याबद्दल तो तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात हे ठरवले आहे. वडिलांनी शपथपत्र केले, उलटतपासात ‘संमती कुठल्या खोलीत, कोणासमोर दिली?’ असे विचारले, आणि त्यांना सांगता आले नाही, की पुरावा गळून पडतो. साक्ष तुम्हीच द्या. व्हिडिओ कॉन्फरन्सने देता येते, त्यासाठी आधी अर्ज करून परवानगी घ्या. परदेशातून साक्ष देताना भारतीय वकिलातीतला अधिकारी समन्वयक म्हणून असण्याची तरतूद आहे, त्यामुळे त्यांची वेळही आधी ठरवावी लागते.

कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते, पण वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज आहे का ते पाहा.

## टप्पा ८: समोरच्या पक्षाला नोटीस

दोघांचे पटत असेल तर हा टप्पा एका पानाचा आहे. समोरच्याने आपला स्वतंत्र वकील देऊन वकीलपत्र दाखल करायचे, आणि परदेशी घटस्फोटाला आपली खरी संमती होती, हुकूमनामा मान्य आहे, अशी पुरसीस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) सहीनिशी द्यायची. दोघांचा एकच वकील नको; संमतीवर उद्या पहिला संशय तिथूनच घेतला जातो. पुरसीस आली तरी कागद सिद्ध करावेच लागतात. पक्षकार म्हणतात एवढ्यावर कोर्ट वैवाहिक दर्जा जाहीर करत नाही.

पटत नसेल आणि समोरची व्यक्ती परदेशी असेल तर समन्स त्या देशाच्या नियमांप्रमाणे, बहुधा हेग सेवा करारातून जाते. यात महिने जातात. घाईने फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून एकतर्फी निकाल घेतलात, तर ज्या दोषामुळे परदेशी निकाल पडतात तोच दोष तुमच्या भारतीय निकालात येतो.

तपासा: बजावणीचा अहवाल फाइलीत लागला आहे का? त्याला निशाणी क्रमांक (कोर्टाने फाइलीतल्या कागदाला दिलेला क्रमांक) पडला आहे का? पत्ता दाव्यातल्या पत्त्याशी जुळतो का?

## टप्पा ९: सुनावणी

पहिल्या तारखांना कौटुंबिक न्यायालय समुपदेशकाकडे पाठवते. ‘आमचा तर घटस्फोट झालेला आहे, मग समुपदेशन कशाला?’ म्हणून ती तारीख चुकवू नका. कायद्याने कोर्टावर समेटाचा प्रयत्न करण्याचे बंधन आहे. तिथे शांतपणे तीच हकिगत सांगा जी अर्जात आहे. दोन्हींत फरक पडला तर तो नंतर तुमच्यावरच उलटतो.

मग लेखी कैफियत (समोरच्याचे उत्तर), मुद्दे, सरतपासाचे (स्वतःच्या मुख्य साक्षीचे) शपथपत्र, कागदांना निशाणी, उलटतपास, युक्तिवाद. सगळ्यात जपायचा क्षण कागदांना निशाणी देण्याचा. मूळ प्रमाणित नकल अपोस्टिलसह त्या दिवशी कोर्टात हजर हवी. स्कॅन दाखवून ‘मूळ प्रत पुढच्या तारखेला’ म्हटले की तारीख जाते.

उलटतपासात हमखास येणारे प्रश्न: अर्ज केला तेव्हा त्या राज्यात किती काळ राहत होतात? समोरच्या व्यक्तीचा व्हिसा तेव्हा चालू होता का? तिच्याकडे वकिलाची फी भरायला पैसे होते का? नरसिंह राव निकालाने नैसर्गिक न्यायाचा अर्थ समन्स पोहोचण्यापुरता ठेवलेला नाही. तिकडे जाणे, राहणे आणि लढणे शक्य होते का, हेही पाहायला सांगितले आहे. तिकिटाचे किंवा वकिलाचे पैसे दिले असतील तर त्या पावत्या इथे कामी येतात.

## हुकूमनामा टिकणारा नसेल तर

दोघे सहमत असाल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीचा नवा अर्ज हा माझ्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. एक वर्ष वेगळे राहण्याची अट बहुधा केव्हाच पुरी झालेली असते, आणि सहा महिन्यांचा मधला काळ माफ करण्याचा विवेकाधिकार कोर्टाला आहे (अमरदीप सिंग, २०१७). कच्चा हुकूमनामा वाचवण्यात घालवलेली वर्षे पाहता हा रस्ता खूप जवळचा पडतो. सहमती नसेल तर क्रूरता किंवा परित्याग अशा इथल्या कारणावर स्वतंत्र अर्ज करायचा.

आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल, म्हणजे तुमच्या अपरोक्ष परदेशात घटस्फोट घेतला गेला असेल, तर गप्प राहू नका. तिकडच्या कोर्टाला काही पाठवायचे असेल तर वकिलाच्या सल्ल्यानेच, आणि अधिकारक्षेत्राला हरकत पहिल्याच ओळीत नोंदवून. घटस्फोटाच्या करारावर सही करताना तडजोडीची रक्कम मिळते म्हणून ‘संमती’ हा शब्द मान्य करू नका. तोच शब्द तिसऱ्या सवलतीचे दार उघडतो. इथे हुकूमनामा बंधनकारक नसल्याची घोषणा मागता येते, आणि पोटगीचा अर्ज त्यासाठी थांबवायची गरज नाही.

## टप्पा १०: निकाल लागल्यावर

त्याच दिवशी निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज करा. नुसते निकालपत्र घेऊन जाणाऱ्यांना पुन्हा यावे लागते. हुकूमनाम्यातली नावे, परदेशी प्रकरण क्रमांक आणि तारखा अक्षर न् अक्षर तपासा. चूक असेल तर लगेच दुरुस्ती अर्ज द्या.

पुनर्विवाह ठरवण्याआधी अपिलाची मुदत जाऊ द्या. कौटुंबिक न्यायालय कायद्यात ती ३० दिवस, हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस. लांबची मुदत धरून थांबा, आणि उच्च न्यायालयात अपील दाखल झालेले नाही याची खात्री करून मगच मंगल कार्यालय ठरवा.

त्यानंतर पासपोर्टवरचे जोडीदाराचे नाव, बँकेतली नामनिर्देशने, विमा, भविष्यनिर्वाह निधी, डीमॅट, सोसायटीचा नामनिर्देशन अर्ज, आणि मृत्युपत्र केले असेल तर ते, अशी यादी करून एकेक बदला. प्रत्येक ठिकाणी नकल द्या, मूळ प्रत हातातून सोडू नका.